कंबरदुखी आणि पलंगाची उजवी बाजू

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांमध्ये कंबर मोजतात की नाही हे मला नक्की ठाऊक नाही, पण सध्या तिच्या परवानगीशिवाय बाकीची अंगं जमिनीपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा नमस्कार उभ्यानेच, दाराची चौकट धरून केला आहे असं समज.) तुझी, वहिनींची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेल. असायलाच हवी. लिफ्ट असलेल्या इमारतीत राहून फिरत्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने आजारी पडायचं म्हटलं तरी कारण शोधावं लागेल. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं काय ते लिहितो.

माझी कंबर गेली. ती एकटी गेली असती तर मी तुला कळवलंही नसतं, पण जाताना ती बाबांची खुर्ची घेऊन गेली. बाबांना पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवायला आता घरात कोणी नाही, त्यामुळे ते दुकानात येऊन बसत नाहीत. खिडकीजवळची त्यांची जागा रिकामी आहे आणि ते मागच्या खोलीत पडून आहेत. हे वाचून तू लगेच बॅग भरायला घेशील. (घेणार नाहीस, पण घेशील असं धरून चालतो.) तसं काही करू नकोस. जाताना तू म्हणाला होतास, लागलं तर हाक मार. आणि मी म्हणालो होतो, आमचं आम्ही बघू. ते अजून लागू आहे. हे पत्र म्हणजे हाक नव्हे. ही नुसती माहिती आहे.

कंबर कशी गेली हे सांगायची मला लाज वाटते, आणि नेमकं तेच सगळे विचारतात. लोकांना वाटतं मी कपाट उचललं असेल, निदान मोठी काच तरी. मी उचलला होता एक खिळा. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा पक्का करायला आपण ठोकतो ना, तो नखाएवढा. त्या सकाळी बाबांना नेहमीसारखं उचललं, खुर्चीत ठेवलं, ढकलत दुकानात आणलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं, तोवर कंबरेने ब्र काढला नव्हता. मग खिळा खाली पडला. बाबांना जमिनीवर पडलेला खिळा चालत नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी बोट दाखवलं. मी वाकलो, खिळा उचलला आणि तिथेच राहिलो. वर येईना. पाठीत कोणीतरी पाचर ठोकून निघून गेल्यासारखं झालं. आणि नेमके त्याच वेळी आपले जुने हेडमास्तर स्वतःचा फोटो फ्रेम करायला घेऊन दुकानात शिरले. समोर मी काटकोनात वाकलेला. हेडमास्तर गहिवरले. "असू दे, असू दे," म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता अशा वेळी माणूस काय बोलणार? मी आशीर्वाद घेतला. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, सोनेरी पट्टी हवी की काळी यावर बराच वेळ स्वतःशीच चर्चा केली, आणि मी अजून वाकलेलाच आहे हे पाहून दुसऱ्यांदा आशीर्वाद दिला. शाळेत असताना त्यांनी मला एवढं कधी दिलं नव्हतं. शेवटी बाबा खुर्चीतून हसायला लागले. त्यांचं हसणं हल्ली अर्ध्याच तोंडाने होतं, पण ते ऐकून ही आतून आली आणि तिने आणि हेडमास्तरांनी मिळून मला कापडाच्या गठ्ठ्यासारखं आत नेऊन टाकलं. बाबांचं ते दुकानातलं शेवटचं हसणं. म्हणजे आतापर्यंतचं शेवटचं, असं म्हणू.

मग सल्ले सुरू झाले. माणसाला ताप आला तर लोक डॉक्टरचं नाव सुचवतात, पण कंबर दुखली की प्रत्येकजण स्वतःच डॉक्टर होतो, कारण प्रत्येकाची कधी ना कधी दुखलेली असते. शेजारच्या चावीवाल्याने सांगितलं की जमिनीवर झोप. जमिनीवर झोपलो, झोपणं सोपं गेलं. उठायला पुन्हा चावीवाल्यालाच बोलवावं लागलं. हिच्या मामांनी एक पट्टा पाठवला. तो बांधला की मी पार्सल केल्यासारखा दिसतो आणि वाकता येत नाही, बसता येत नाही, जेवल्यावर श्वास घेता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोन मणक्यांमधली फट कमी झाली आहे म्हणाले, दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि ओझं उचलू नका म्हणून सांगितलं. गोळ्यांनी कंबर थांबली आणि पोट सुरू झालं. तो एक्स-रे मी आणून सवयीने दुकानाच्या काचेवर लावला तर एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, हे चित्र कोणाचं, किती उदास आहे. मी म्हटलं, माझंच. (त्यांना वाटलं मी चित्रकार झालो.) बाबांना दाखवला, तर त्यांनी एक डोळा मिटून, फ्रेमचा कोपरा तपासतात तसा बराच वेळ पाहिला. बोलायला त्यांना वेळ लागतो. म्हणाले, "गुण्यात... नाही." आयुष्यभर त्यांनी आपल्या फ्रेमच्या जोडाला काटकोन तपासायचा गुण्या लावून तेवढंच सांगितलं, तेव्हा मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण या वेळी मला राग आला. हा कोपरा कोणी वाकवला, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. कारण उत्तर म्हणजे स्वतः बाबाच होते, आणि ते पलंगावर पडलेले होते.

शेवटी हिने मला वैद्यबाईंकडे नेलं. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. कंबरदुखीवर इलाज करणाऱ्या माणसाने दुसऱ्या मजल्यावर बसावं यात मला आधी निव्वळ क्रूरपणा दिसला. नंतर वाटलं, त्यात धोरण असेल: जो वर पोचला तो बरा होण्यासारखा. बाहेरच्या खोलीत बाकावर सगळी आपल्याच जातीची मंडळी होती. कोणी डावीकडे कललेलं, कोणी उजवीकडे, एक गृहस्थ तर इतके तिरपे बसले होते की माझा हात शिवशिवायला लागला. भिंतीवर फ्रेम वाकडी दिसली की जरा सरळ करावीशी वाटते तसं. आणि कोणीही कोणाला काय होतंय म्हणून विचारत नव्हतं. एखादा उठायला लागला की बाकीचे सगळे श्वास रोखून बघत, आणि तो उभा राहिला की सगळ्यांचा श्वास एकदम सुटे. दादा, मला तिथे बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं झालं की मी कण्हलो आणि कोणी उपाय सांगितला नाही.

वैद्यबाई म्हाताऱ्या आहेत, ताठ आहेत (हे जरा लागतं), आणि कमी बोलतात. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, एक्स-रे उजेडाकडे धरून नीट पाहिला, पाय बधिर होतो का, लघवीवर ताबा आहे का ते विचारलं, आणि तसं काही कधी झालं तर इकडे न येता सरळ इस्पितळात जायचं हे आधीच बजावलं. त्यामुळे माझा विश्वास बसला. मग प्रश्न सुरू झाले. मी कंबर दाखवायला गेलो होतो आणि त्या विचारत होत्या जेवणाच्या वेळा, झोप, पोट साफ होतं का, राग येतो का, काळजी कसली. मी म्हटलं, काळजी कसली नाही. त्या म्हणाल्या, मग लिहून घेते, काळजी सगळी. मग त्यांनी मला वात समजावून सांगितला. शरीरात जे जे हलतं ते वातामुळे, आणि कंबर, ओटीपोट, मांड्या हे त्याचं राहतं घर. कोरडं खाणं, अवेळी खाणं, जागरण, ताकदीबाहेरचं ओझं, मनाला लागून राहिलेली काळजी, यांनी तो कोरडा पडून बिथरतो, आणि मग घरातल्यांनाच छळतो. मला एरवी यातलं काही कळलं नसतं, पण लाकूड कळतं. कोरडी पट्टी खिळा सोसत नाही, चिरते. तीच जरा तेलपाणी झालेली असली तर निमूट घेते. मी तसं म्हटल्यावर वैद्यबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे माणूस म्हणून पाहिलं. तेवढ्यावर त्यांनी थांबायला हवं होतं. पण त्या पुढे म्हणाल्या की शरीराचे काही वेग अडवायचे नसतात, अडवले की वात उलटा फिरतो: लघवी, शौच, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, आणि अश्रू. मी म्हटलं, शिंक मी कधीच अडवत नाही. त्या म्हणाल्या, शिंकेचं विचारलेलं नाही.

उपचारांचं काय सांगू? तुला हसायला येईल, हस. एक काढा आहे, तो घेतला की कंबर विसरायला होते, कारण सगळं लक्ष जिभेकडे जातं. गुग्गुळाच्या गोळ्या आहेत, त्या बऱ्या आहेत. झोपताना कोमट पाण्यातून एरंडेल आहे, त्याबद्दल पत्रात लिहिण्यासारखं काही नाही. पथ्यात शिळं बंद, कोरडं बंद, गार बंद, जागरण बंद आणि उचलणं बंद. मग तेल लावून शेक, आणि त्यानंतर कटिबस्ती. कटिबस्ती म्हणजे उडदाच्या पिठाची कणीक मळून तिची गोल पाळ कंबरेवर बसवतात आणि आत सोसेल इतकं गरम तेल ओततात. आपण पालथं पडून राहायचं, हलायचं नाही, शिंकायचं नाही (इथे मात्र वेग अडवलेला चालतो), म्हणजे पाठीवर तळं घेऊन झोपायचं. पहिल्या दिवशी मी तोंड उशीत घालून पडलो, तेल निवलं की त्या काढून पुन्हा गरम घालत, खोलीत कोणी काही मागत नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं. आणि मला झोप लागली. बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हापासून दिवसाढवळ्या मी कधी आडवा झालो नव्हतो. मी घोरलो. घोरण्याने पाळ हलली, तिला तडा गेला, आणि सगळं तेल कुठून कुठे गेलं ते तुला सांगत नाही. जागा कोरडी राहिली अशी तक्रार मात्र आता वाताला करता येणार नाही.

तेल आणि काच यांचं जमत नाही, हा या उपचारातला खरा दोष. हात कितीही धुतले तरी दुकानभर अंगठे उमटतात. हेडमास्तरांच्या फोटोच्या कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर, त्यांच्या डोक्याच्या वर बरोबर मध्यभागी, माझ्या तेलकट बोटांचा असा गोल डाग पडला की त्यांच्याभोवती तेजोवलय आल्यासारखं दिसायला लागलं. मी पुठ्ठा बदलून देतो म्हटलं, तर ते म्हणाले, राहू द्या, शोभतंय. तेव्हा धंद्याचं म्हणशील तर चाललं आहे. फक्त मोठी काच घेत नाही. मोठी काच दोघांनी धरायची असते, हे तुला मी सांगायला नको.

आता बाबांविषयी. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. खाणं बेताचं आहे, बोलणं त्याहून बेताचं आहे. धुणंपुसणं, कूस बदलणं हे ही आणि चावीवाला मिळून करतात, पण उचलून खुर्चीत ठेवणं त्यांच्याने होत नाही. दुकानात बसायचे तेव्हा त्यांना काही काम होतं, म्हणजे निदान आम्ही तसं भासवत होतो: जोड दाखवायचा, ते डोळा मिटून बघायचे, मान हलवायचे, रस्त्यावरून कोण गेलं ते मोजायचे. आता ते भिंतीकडे तोंड करून पडतात. भिंतीवर काय आहे? ओल आहे. मी माणूस लावून पाहिला. दणकट गडी होता, पैलवानासारखा, आणि स्वभावाने चांगला. त्याने आल्या आल्या बाबांना पोतं उचलावं तसं उचललं. न सांगता. बाबांनी चांगल्या हाताने पलंगाचा गज असा धरला की गडी, बाबा आणि पलंग तिघंही थोडे उचलले गेले. दुसऱ्या दिवशी त्याला पाहूनच त्यांनी गज धरला. गडी म्हणाला, म्हातारबा मला घाबरतात. घाबरत नाहीत, रे. ज्या माणसाने जन्मभर आपल्याला शिकवलं की उजवीकडच्याने 'उचल' म्हटल्याशिवाय डावीकडच्याने काचेला हात लावायचा नाही, त्याला कोणी न सांगता उचललं तर त्याला ते काच फुटण्यासारखंच वाटणार. पण हे मी गड्याला कसं समजावणार? तो गेला, बाबा पुन्हा भिंतीकडे वळले.

मग मी आणि हिने मिळून बाबांना उचलायचं ठरवलं. (वैद्यबाईंनी बंद सांगितलं होतं हे मला आठवत होतं. पण त्या दिवशी सकाळी बाबांनी खिडकी कुठल्या बाजूला आहे असं विचारलं, आणि मला राहवलं नाही.) मी माझ्या बाजूला, डावीकडे, ही उजवीकडे. हात खाली घातले. आणि थांबलो. मी तिच्या तोंडाकडे बघतोय, ती माझ्या. कोणी काही म्हणेना. तिला बिचारीला कळेना मी कशासाठी थांबलोय, आणि मला ते सांगायचं सुचेना. शेवटी बाबांनाच दया आली असावी. ते स्वतःच म्हणाले, पण त्यांचा शब्द हल्ली दोन हप्त्यांत येतो. त्यांचा 'उ' आला तेव्हा मी उचललं, आणि 'चल' आलं तेव्हा हिने. बाबा मधल्यामध्ये गोल फिरले आणि पलंगावर आडवे, म्हणजे खरोखरच आडवे, पाय एका बाजूला लोंबताहेत आणि डोकं दुसऱ्या, असे येऊन पडले. लागलं नाही. ही रडायला लागली, मी पलंगाच्या माझ्या बाजूला जमिनीवर, कारण कंबर पुन्हा गेली होती. बाबा छताकडे बघत पडले होते. मग त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही. मी डावीकडे होतो. त्यांनी उजवीकडे पाहिलं, हिच्याकडेही नाही, हिच्या जरा वर, जिथे तुझं डोकं यायचं तिथे. ते नेहमी तिकडेच बघतात, दादा. इतके दिवस मी एकटा उचलत होतो, तरी उचलताना ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. मला वाईट वाटतं. वाटतं ते लिहिलं, एवढंच.

पुन्हा वैद्यबाईंकडे गेलो, यावेळी चावीवाल्याच्या खांद्यावर. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाल्या, तेल घालून घालून मी कंबर मऊ करते आणि तुम्ही जाऊन पुन्हा मोडता, तेव्हा मोडता कशी ते तरी दाखवा. उपचाराच्या टेबलावर त्यांनी एक गुंडाळलेली गादी आडवी ठेवली. हे तुमचे वडील, म्हणाल्या, उचला, म्हणजे उचलू नका, उचलायच्या बेताने उभे राहा. मी राहिलो. टेबलाच्या डाव्या अंगाला, कमरेतून वाकून, एक हात गादीच्या मध्याखाली आणि दुसरा पायांकडे. आणि तसाच वाकून राहिलो. त्यांनी बरंच थांबून विचारलं, "कशाची वाट बघताय?" मी म्हटलं, कशाची नाही, अशीच सवय आहे. त्यांनी टेबलाला एक फेरी घातली, पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकटा माणूस उचलायचा असेल तर समोर उभा राहतो, आधी उठवून बसवतो, छातीशी घेतो. तुम्ही एका कडेला उभे आहात आणि अर्ध्याच माणसाला हात घातलाय. उरलेला अर्धा कोण उचलतं? इथे कोण असतं?"

मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी दुसरंच काहीतरी आलं, जे अडवायचं नसतं असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोन्ही हात गादीखाली, त्यामुळे पुसताही येईना. चावीवाला दारात उभा होता, तो जिन्याकडे बघायला लागला. मी नंतर त्याला सांगितलं की काढ्याची वाफ डोळ्यांत गेली. तो म्हणाला, काढा गार होता.

तेव्हा दादा, कंबरदुखीचं कारण असं निघालं. वात आहेच, फटही आहेच, पण मूळ हे की तू गेल्यापासून मी रोज सकाळी बाबांना उचलताना तुझी बाजू सोडून उभा राहतो. तुझ्यासाठी पलंग भिंतीपासून सुटा ठेवला होता, तो तसाच आहे. वाकून, हात घालून, तू जेवढा वेळ घ्यायचास तेवढा वेळ मी थांबतो, मग कोणी काही म्हणत नाही, मग मी उचलतो: माझा अर्धा आणि तुझा अर्धा, एका कडेने, पाठ पिळून. हे मला ठाऊक नव्हतं. वैद्यबाई म्हणतात की अशी पाठ कुठल्याही तेलाने टिकणार नाही. हा उपचार पुरा झाला की गुडघे वाकवून, नीट उभं राहून, दुसऱ्या बाजूला जाणता माणूस असला तर अर्धा भार उचलायला त्यांची हरकत नाही. एकट्याने नाही म्हणजे नाही. एकट्याने कसं उचलायचं हे त्यांनी मला शिकवायचं ठरवलं आहे, पण ते पाठ घट्ट झाल्यावर, आणि त्याला किती दिवस लागतील हे त्यांनी सांगितलं नाही. तोवर बाबा भिंतीकडे तोंड करून आहेत. ते तोवर थांबतील का, हे मी वैद्यबाईंना विचारलं नाही.

असो. माहिती संपली. तू मनाला लावून घेऊ नकोस, रजा खर्च करू नकोस आणि येऊ तर अजिबात नकोस. आमचं आम्ही बघतो आहोत. वहिनींना उभ्यानेच नमस्कार, मुलांना वाकून पापे घेता येत नाहीत म्हणून लांबूनच आशीर्वाद, आणि तुझी फिरती खुर्ची दर तासाने सोडून जरा चालत जा, हा माझ्याकडून सल्ला. मीही आता सल्ले देण्याइतका कंबरवाला झालो आहे.

तुझा,
डावीकडचा

ता. क. शेकायची रबरी पिशवी तुम्ही जाताना तुमच्या सामानातून गेली. (चुकून. मी वहिनींना काही म्हणत नाही.) ती पार्सलने पाठव. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. मागच्या पानावर कागद पारदर्शक झालेला दिसेल, तो तेलाचा डाग आहे. त्याच्याखाली जो शाई फुटलेला डाग आहे तोही तेलाचाच. तेलाने शाई फुटत नाही हे मला माहीत आहे, तू सांगायची गरज नाही.

ता. क. तिसरा. पाकिटात घालायच्या आधी पत्र बाबांना वाचून दाखवलं. भिंतीचा भाग गाळला. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले, पण हेडमास्तरांच्या दुसऱ्या आशीर्वादाला हसले. पिशवीचं आलं तेव्हा त्यांनी हात हलवला. मी थांबलो, मला आता थांबायची सवयच आहे. म्हणाले, "पिशवी... पाठवू नको... म्हणावं." मी म्हटलं, वाटेत फुटेल म्हणून म्हणताय का? त्यांनी मान उजवीकडे वळवली आणि म्हणाले, "घेऊन... ये... म्हणावं."

तर दादा, येऊ नकोस असं वर जिथे जिथे लिहिलं आहे ते आता खोडत बसत नाही, खाडाखोड बाबांना आवडत नाही. ही हाक समज. पलंगाची उजवी बाजू झाडून ठेवली आहे. मी डावीकडे गुडघे वाकवून उभा राहीन, 'उचल' तू म्हण.